पाण्याच्या हाती सोपवलेले दार

पावसाळ्याच्या मध्यरात्री सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळावा, नदीला घटकाभरात लोंढा यावा आणि धरणाचे पाणी काठोकाठ चढावे, अशा वेळी धरणाचे दरवाजे उघडावयाचे कोणी? पहारेकरी झोपेत असेल. जागा असला तरी अंधारात, वाऱ्यापावसात, निसरड्या भिंतीवरून त्याला दरवाजापर्यंत पोचावे लागेल. आणि पोचला तरी एकट्याच्या बळाने अवजड दरवाजे हलतील कसे? दरवाजे वेळेवर उघडले नाहीत तर पाणी भिंतीवरून वाहू लागते आणि खालच्या गावांवर काळ ओढवतो. उलट, भीतीपोटी ते आधीच उघडून ठेवले, तर पावसाळा सरल्यावर तलाव रिता राहतो आणि उन्हाळ्यात माणसे पाण्यावाचून तळमळतात. या पेचातून ज्यांनी वाट काढली, त्यांनी पहारेकऱ्याचे काम माणसाकडून काढून घेऊन खुद्द पाण्याकडेच सोपवले. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

पूर्वीच्या म्हैसूर संस्थानात चिक्कबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे 1861 च्या सप्टेंबर महिन्याच्या 15 तारखेस त्यांचा जन्म झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृत विद्येत रमलेले गृहस्थ होते. घरात पोथ्या होत्या, पैसा नव्हता. आणि मुलगा शाळेत शिकत असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पुढील शिक्षणासाठी विश्वेश्वरय्या बंगळूरला मामांच्या आधाराने राहिले. कॉलेजचा खर्च भागावा म्हणून एका कुर्गी कुटुंबातील मुलांना ते शिकवीत. स्वतःचा अभ्यास आणि दुसऱ्यांच्या मुलांची शिकवणी यांत दिवस जाई. गणितातील त्यांची गती पाहून म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजात धाडले. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जडला तो असा. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे तो टिकला.

1883 साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कली यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी बोरघाट चढून जाते. त्या लोहमार्गाच्या उभारणीचे प्रमुख अभियंते हेच बर्कली होत. डोंगर जिंकणाऱ्याच्या नावाचे पारितोषिक ज्याला मिळाले, त्याने पुढे आयुष्यभर पाण्याशी सलगी केली. दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात ते साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले आणि नाशिकवरून खानदेशात धुळ्यास गेले.

धुळ्याकडचे त्यांचे पहिले काम चमत्कारिक होते. पांझरेच्या एका प्रवाहाच्या अल्याड आलेले पाणी पल्याड न्यावयाचे होते, पण वर पूल न बांधता. यासाठी नळ प्रवाहाच्या तळाखालून नेतात. एका बाजूने पाणी नळात उतरते, खालून जाते आणि पलीकडे पुन्हा वर येते. पाणी वर कसे चढते, असे कोणासही वाटेल. परंतु घरातील चहाच्या किटलीकडे पाहिले म्हणजे उलगडा होतो. किटलीत पाणी जेवढ्या उंचीवर असेल तेवढ्याच उंचीवर ते तोटीतही असते. नळ कितीही खाली वाकला तरी पाणी आपली पातळी विसरत नाही. पलीकडचे तोंड अलीकडच्यापेक्षा किंचित खाली असले की ते निमूटपणे बाहेर पडते.

काम सुरू झाले आणि पावसाने गाठले. पूर येऊन खणलेल्या जागी वाळू भरू लागली. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांस कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. आज्ञेप्रमाणे वागण्याची तयारी दिसत नाही, अशा अर्थाचा ठपका आला. तेव्हा त्यांनी वाद न वाढवता काम पुन्हा हाती घेतले आणि भर पावसाळ्यात ते तडीस नेले. त्यांची मूळची सूचना काही चुकीची नव्हती, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

पुढील दहा वर्षांत त्यांची कीर्ती पसरली. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात मोडत असे. सिंधू नदीच्या काठी वसलेल्या सक्कर शहराला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी त्यांना तिकडे पाठवण्यात आले. नदी दारात, पण पाणी गढूळ; अशी त्या शहराची अवस्था होती. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपत आलेले पाणी आपोआप गाळले जाऊन विहिरीत जमे आणि तेथून ते शहराकडे नेले जाई. गाळण्याचे काम त्यांनी वाळूकडे दिले. निसर्ग जे काम फुकट करावयास तयार आहे ते त्याच्याकडून करवून घ्यावे, ही त्यांची रीत येथेच दिसू लागते.

सुरतेतील काही काळानंतर ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या मंडळींत त्यांचा वावर होता. 1899 पासून पुणे जिल्ह्यातील पाटबंधाऱ्यांचा कारभार त्यांच्याकडे होता. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांनी मनसोक्त पाणी घ्यावे आणि शेपटाकडील गावांनी कोरडे पाट बघत बसावे, ही तक्रार तेव्हाही होती. जमिनीचे गट पाडून पाळीपाळीने पाणी देण्याची पद्धत त्यांनी आखली. शेतकऱ्यांचा आरंभी तिला विरोध झाला, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणता येत नाही. ज्याच्या दारातून पाणी वाहते त्याला ते मोजून घ्यावयास सांगणे सोपे नसते.

परंतु ज्या कामामुळे यंत्रविद्येच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले, ते खडकवासल्याचे.

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी धरण बांधले गेले. त्याच्या तलावाला फाइफ नावाच्या इंग्रज अभियंत्यावरून लेक फाइफ म्हणत. या धरणाच्या एका अंगाला सांडवा होता. सांडवा म्हणजे भिंतीचा मुद्दाम ठेंगणा ठेवलेला भाग. तलाव भरला की जादा पाणी तेथून ओसंडून नदीत जावे अशी ती योजना. मोठ्या पुरात सांडव्यावरून सुमारे 8 फूट उंचीचे पाणी वाहत असे. पूर ओसरला की पाणी पुन्हा सांडव्याच्या माथ्यापर्यंत खाली येई. आणि वरचा तो 8 फुटांचा थर समुद्राकडे निघून गेलेला असे.

पुण्याची वस्ती वाढत होती, कालव्याचे भिजणे वाढत होते. पाणी अपुरे पडू लागले. धरणाची भिंत वाढवावी तर खर्च अफाट, शिवाय जुन्या भिंतीवर अधिक दाब येणार. विश्वेश्वरय्यांनी निराळाच विचार केला. पुराच्या वेळी तलाव सांडव्याच्या वर 8 फूट चढतोच आणि धरण तेवढा दाब सोसतेच. मग ती पातळी केवळ पुरापुरती न ठेवता कायमची का राखू नये? सांडव्यावर तेवढ्या उंचीचे दरवाजे बसवले म्हणजे पाणी अडेल. मात्र पूर येताच ते दरवाजे उघडले पाहिजेत, नाहीतर पाणी आणखी चढून धरणाच्या मुळावर येईल. म्हणजे प्रश्न पुन्हा तेथेच आला: मध्यरात्री दरवाजे उघडावयाचे कोणी?

विहिरीतून पोहरा शेंदणाऱ्याला एक अनुभव नेहमी येतो. भरलेला पोहरा पाण्यात बुडालेला असतो तोवर हाताला हलका लागतो. पाण्याबाहेर आला की एकदम जड होतो. पाणी बुडालेल्या वस्तूला खालून उचलून धरते, हे त्याचे कारण. विश्वेश्वरय्यांच्या रचनेत याच गोष्टीचा उपयोग केलेला आहे. तराजूच्या एका पारड्यात सांडव्याचे दरवाजे आहेत आणि दुसऱ्या पारड्यात एक मोठा भार टांगला आहे, अशी कल्पना करावी. भार जड, म्हणून दरवाजे बंद. हा भार एका कोरड्या विहिरीत लोंबत असतो. तलाव ठरलेल्या पातळीपर्यंत भरेपर्यंत काहीच घडत नाही. पाणी त्या रेषेवर चढले की मात्र एका वाटेने ते विहिरीत शिरते. भार पाण्यात बुडतो, पोहऱ्यासारखा हलका होतो; दरवाजांचे पारडे जड ठरते आणि ते जागचे सरकून पुराला वाट देतात. पूर ओसरला, पातळी रेषेखाली आली, की विहिरीत येणारे पाणी थांबते आणि आतले निघून जाते. भार पुन्हा जड होतो आणि दरवाजे बंद होतात. तेथे माणूस नको, वाफेचे यंत्र नको, कंदील नको.

1903 साली हे दरवाजे खडकवासल्यास बसले. भिंतीची उंची न वाढवता तलावाचा साठा सुमारे चौथाईने वाढला.

हे दरवाजे समजले म्हणजे आजच्या यंत्रांतील एक अवघड भासणारी गोष्टही उमगते. 2017 च्या सुमारास पनवेलनजीक नव्या विमानतळासाठी जमीन सपाट करण्याचे काम सुरू झाले आणि उलव्याची टेकडी कापली गेली. ती कापणाऱ्या यंत्रांच्या पोलादी बाहूंत पाण्याऐवजी तेल खेळत असते. पंप तेल ढकलतो, तेल नळ्यांतून नळकांड्यात जाते, नळकांड्यातील दट्ट्या सरकतो आणि बाहू उचलला जातो. समजा, बाहू एखाद्या खडकाला अडून बसला. पंप तर तेल ढकलीतच आहे. दाब वाढत जाऊन नळी फुटावयाची! म्हणून तेथे दाब आवरणारी एक झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि जादा तेल टाकीत परत सोडते.

अशा यंत्राचा नकाशा पाहिला तर त्यात यंत्राचे चित्र मुळीच नसते. वर्तुळे, चौकोन आणि रेषा तेवढ्या असतात. नवख्या माणसाला ती रांगोळीच वाटावी! पण या खुणा जगभर एकाच अर्थाने वापरतात आणि त्या शिकणे कठीण नाही. वर्तुळ काढून त्यात बाहेरच्या बाजूस टोक असलेला काळा त्रिकोण भरला, की तो पंप. तेल त्रिकोणाच्या टोकाकडून बाहेर पडते. वरून उघडी असलेली चौकट म्हणजे टाकी. ठसठशीत अखंड रेषा म्हणजे काम करणारे तेल वाहून नेणारी नळी. चौकोन म्हणजे झडप आणि त्यातील बाण म्हणजे तेलाची वाट. दिशा बदलणाऱ्या झडपेचे दोन किंवा तीन चौकोन एकमेकांना लागून काढतात. तेवढ्या झडपा नसतात. झडप एकच, पण तिच्या प्रत्येक स्थितीसाठी एकेक चौकोन. बाहेरच्या नळ्या ज्या चौकोनाला जोडलेल्या दाखवल्या असतील ती झडपेची विसाव्याची स्थिती. झडप सरकली म्हणजे नळ्या जागीच ठेवून शेजारचा चौकोन मनाने त्यांच्यापुढे ओढून आणावयाचा आणि नव्या बाणांच्या मागोमाग तेलाची वाट शोधावयाची.

दाब आवरणाऱ्या झडपेला चौकोन एकच. तिच्यातील बाण नळीच्या रेषेत नसतो, जरासा बाजूला सरकलेला असतो. म्हणजे एरवी वाट बंद. चौकोनाच्या एका अंगाला नागमोडी रेघ असते; ती स्प्रिंग, बाणाला रेषेबाहेर रेटून धरणारी. समोरच्या अंगाला पंपाच्या नळीतूनच निघालेली एक तुटक रेषा येऊन भिडते. ही रेषा तेलाचे ओझे वाहत नाही. दाबाची वर्दी तेवढी आणते. दाबाचा जोर स्प्रिंगच्या जोराहून अधिक झाला की बाण रेषेत येतो आणि वाट खुली होते. दाब उतरला की स्प्रिंग त्याला परत लोटते.

आता खडकवासल्याचा सांडवा आठवावा. दरवाजे म्हणजे चौकोनातील बाण. विहिरीतील भार म्हणजे ती नागमोडी रेघ. पाण्याला विहिरीत नेणारी वाट म्हणजे तुटक रेषा. आणि खाली वाहणारी मुठा म्हणजे टाकी. विश्वेश्वरय्यांनी आपल्या दरवाजांचे आराखडे काढले ते अर्थात या खुणांनी नव्हेत. त्या काळी प्रत्येक भाग मोजमापानिशी रेखाटीत आणि या खुणा पुष्कळ नंतर रूढ झाल्या. परंतु ज्याला एक समजले त्याला दुसरे परके वाटत नाही. दोन्हीकडे विचारावयाचे तेच: पाणी कोठून आले, कशाने अडले, आणि त्याची अडवणूक दूर करण्याची वर्दी कोणी दिली?

या शोधाचे एकस्व विश्वेश्वरय्यांनी आपल्या नावाने घेतले होते. दरवाजे सरकारी धरणावर बसले तेव्हा त्यांबद्दल मोबदला घेण्याचा त्यांना हक्क पोचत होता. तो त्यांनी घेतला नाही. सरकारी नोकरीत, सरकारी काम करीत असताना सुचलेल्या युक्तीचे पैसे सरकारकडूनच घेणे त्यांच्या मनास पटले नाही. पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिगरा धरणावर आणि म्हैसुरातील कृष्णराजसागरावरही अशाच जातीचे दरवाजे बसले.

1906 साली त्यांना पाण्याचा प्रश्न सोडवण्यासाठी एडनला पाठवण्यात आले. कोल्हापूर, धारवाड, विजापूर या भागांतील पाण्याच्या कामांतही त्यांचा सल्ला घेतला गेला. एवढे होऊनही मुंबई इलाख्यात सर्वोच्च अभियंत्याची जागा हिंदी माणसाला मिळण्याचा संभव तेव्हा नव्हता. गुणाला जेथे छत आहे तेथे किती काळ उभे राहावयाचे, असा विचार करून त्यांनी 1908 साली नोकरी सोडली. पूर्ण निवृत्तिवेतनास लागणारी वर्षे भरली नव्हती. तरी सरकारने त्यांना ते दिले, यावरून त्यांच्या कामाची किंमत सरकार जाणून होते असे दिसते. जाणूनही वरची जागा दिली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद शहरात हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्यासाठी दोन जलाशय बांधावे, अशी योजना त्यांनी आखली. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातूनच झाले.

1909 मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता नेमले. 1911 मध्ये कन्नंबाडी येथे कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. धरण किती उंच बांधावे याबद्दल खाली वसलेल्या मद्रास इलाख्याशी वाद पडला आणि तो वर्षानुवर्षे चालला. 1912 साली ते संस्थानाचे दिवाण झाले. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातेवाइकांना जमवून, आपल्याकडे कोणी कसलीही शिफारस मागावयाची नाही, असे कबूल करून घेतले अशी आठवण सांगतात. सहा वर्षांच्या त्यांच्या कारभारात म्हैसूर विद्यापीठ आणि म्हैसूर बँक निघाली, भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याचा पाया घातला गेला. 1918 साली ते त्या पदावरून दूर झाले. त्यानंतरही निरनिराळ्या समित्यांवर त्यांचे काम चालूच होते. 1955 साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

विश्वेश्वरय्या शंभरीच्या उंबरठ्यावर असताना 12 जुलै 1961 रोजी पुण्यावर मोठा घाला आला. खडकवासल्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण नुकतेच उभे राहत होते. त्याची काही कामे पुरी व्हावयाची होती. त्या दिवशी सकाळी ते फुटले. त्याचा सारा साठा मुठेच्या खोऱ्यातून खडकवासल्यावर येऊन आदळला. सांडवा पुराचे पाणी काढून देण्यासाठी असतो. वरचे अख्खे धरणच खाली आले तर कोणत्याही सांडव्याचा त्यापुढे निभाव लागावयाचा नाही. खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच दिवशी फुटले आणि पुण्याचे नदीकाठचे भाग पाण्याखाली गेले.

1962 च्या एप्रिल महिन्यात बंगळूर येथे विश्वेश्वरय्यांचे देहावसान झाले. मुद्देनहळ्ळीत त्यांची समाधी आहे आणि त्यांचा जन्मदिवस देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. खडकवासल्याचे धरण त्याच जागी पुन्हा बांधले गेले. नव्या सांडव्यावर वेगळ्या घडणीचे दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की मुठेला पाणी येते आणि पुण्यातील माणसे ते पाहावयास पुलांवर गर्दी करतात.